माठातलं शिळं पाणी

बाबा,

शनिवार, ११ एप्रिल १९८७, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणून मला सुट्टी होती. भाजी घेऊन मी घरात शिरले तेव्हा तुम्ही माझ्या समुद्राच्या काचेच्या टाकीसमोर स्टुलावर उभे होतात. टाकीचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं होतं, आणि स्वयंपाकघरातल्या माठातलं आदल्या दिवशीचं उरलेलं शिळं पाणी तुम्ही तांब्याने त्या टाकीत ओतत होतात. नळाचं पाणी. गोडं पाणी. अलिबागहून एस.टी.ने वाहून आणलेल्या समुद्रात, माझ्या दीड वर्षाच्या मेहनतीत. वेळ नक्की आठवते, कारण मी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग ओरडले. सरकारी कचेरीत माणसांच्या हजेऱ्या आणि रजा सांभाळण्यात आयुष्य गेलेल्या बाईला ती सवय असते. चूक दिसली की आधी वेळ नोंदवायची.

आज त्याला बरोबर बारा वर्षं झाली. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले, पण भाषा अजून कचेरीचीच आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत. त्या खुर्चीवरून मी कितीतरी माणसांकडून लेखी खुलासे मागवले. उशिरा का आलात, न सांगता रजेवर का गेलात, साहेबांशी उर्मट का बोललात. एकाच माणसाकडून मागवायचा राहिला. न विचारता माझ्या टाकीला हात का लावलात? किती दिवस लावत होतात? आणि मला अजूनही झोंबतं ते हे की तुम्ही कारण का सांगितलं नाहीत? स्टुलावरून उतरलात, तांब्या जागेवर नेऊन ठेवलात, एक अक्षर बोलला नाहीत. इतका राग मला कुणाच्या बोलण्याचा आलेला नाही, जितका त्या गप्प बसण्याचा आला.

खुलासा मागताना मागची हकीकत लिहायची पद्धत आहे. तुम्ही खाडीकाठच्या मिठागरावर राबणारे. कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात मिठाची गोण पोचवायला जायचात. मी सहा वर्षांची असताना एकदा मला बरोबर नेलंत. मोठ्या सिस्टरनी मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, ही शाळेत जाते का? तुम्ही गोण खाली ठेवून म्हणालात, "तुमीच घ्या ना तिला. मिठासारकी हाय, कुठं पन विरघलंल." हे तुमचं भाकीत साफ खोटं ठरलं, मी कुठेही विरघळले नाही, पण त्यांनी मला घेतलं. प्रवेशाच्या अर्जावर तुम्ही अंगठा उमटवलात आणि बोटाची शाई डोक्याच्या केसांना पुसलीत. मागे रांगेत उभी असलेली एक मुलगी फिसकन हसली. तेवढ्यात मी ठरवून टाकलं की माझ्या बोटाला शाई लागेल ती फक्त पेनाची. घरात सगळे तुम्हाला 'तू' म्हणायचे. दुसरीत गेल्यावर मी 'तुम्ही' म्हणायला लागले, शाळेत तसंच म्हणायचं असतं म्हणून. पहिल्यांदा ऐकलंत तेव्हा तुम्ही मागे वळून पाहिलंत. "कोनाला गो बाय? मी तं एकटाच हाय. दोन बापूस हायेत का तुना?" आई खूप हसली. मी हसले नाही. मी तुम्हीच म्हणत राहिले.

आठवीत आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या सिस्टर समुद्रावर घेऊन गेल्या. ओहोटी होती. खडकांच्या खळग्यांत पाणी राहिलं होतं. त्यांनी आम्हाला एकेका खळग्यापाशी उकिडवं बसवलं आणि सांगितलं, दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. मी तिसऱ्याच मिनिटाला म्हणाले, सिस्टर, यात काहीच नाही. त्या माझ्याजवळ वाकून इंग्रजीत म्हणाल्या, डोळ्यांच्या आधी तुझी जीभ पोचते. चिडून मी खळग्याकडे बघत बसले, त्यांना चुकीचं ठरवायला. आणि खडकावरचा एक मळकट, चिकट गोळा हळूहळू उघडला. आतून बोटभर लांब, हिरवट, टोकाला जांभळी झाक असलेल्या पाकळ्या बाहेर आल्या आणि पाण्यात हलायला लागल्या. फूल म्हणावं तर त्याने एक बारीक कोळंबी धरली आणि आत ओढून घेतली. काही नाही असं मी ज्याला म्हणाले होते ते माझ्यासमोर जेवत होतं. समुद्रफूल, सिस्टर म्हणाल्या. घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "ते व्हय? ते तं पायाखाली येतं." मला तुमचा केवढा राग आला होता.

मग बत्तीस वर्षं मी समुद्रफुलाचा विचार केला नाही. नोकरी लागली, कल्याणच्या कचेरीत जाऊन येऊन दिवस गेले, लग्न केलं नाही, आई गेली, ठाण्यात वर्तकनगरला घर मिळालं, तुम्हाला मी तिथे आणलं. १९८५च्या दिवाळीनंतर रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक इंग्रजी पुस्तक सापडलं. घरात काचेच्या टाकीत खारं पाणी ठेवून समुद्रातले जिवंत खडक कसे जगवायचे, याचं. मुखपृष्ठावर तेच. हिरव्या पाकळ्या, जांभळी टोकं. पंचेचाळीस वर्षांची बाई रस्त्यावर उभी राहून रडायच्या बेतात आली, हे कचेरीत कुणाला सांगितलं असतं तर माझा धाक संपला असता.

काचवाल्याकडून अडीच फुटांची टाकी करून घेतली. तळाला भोकाभोकांची पट्टी, तिच्यावर धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा, हवेचा पंप, वर दोन ट्यूबलाइट. पाणी ठाण्याच्या खाडीचं नको, ते तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलंत. त्यात आता कारखाने उतरलेत. मग खोपटच्या डेपोतून अलिबागची गाडी. चार कॅन रिकामे घेऊन जायचो आणि भरून आणायचो. भरती चढत असतानाच पाणी भरायचं, उतरताना नाही, हेही तुमचंच. परतीच्या पहिल्या खेपेला कंडक्टरने आपल्याला दारातच अडवलं. "ओ मावशी, कॅनात काय? रॉकेल चालणार नाय हां."

"पाणी आहे," मी म्हणाले.

"पाणी? ठाण्याला नळ बंद झाले काय?"

तुम्ही मागून म्हणालात, "समुद्र हाय. घरी नेताव."

त्याने तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मग समुद्राचं तिकीट लागंल."

"अर्धं लाव," तुम्ही म्हणालात. "ल्हान हाय अजून."

सगळी गाडी हसली. कंडक्टरने स्वतः दोन कॅन उचलून शेवटच्या सीटमागे ठेवले. मी खिडकीबाहेर बघत बसले, मला असलं चारचौघांतलं बोलणं आवडत नाही म्हणून. पण पेणपर्यंत माझे ओठ आवरत नव्हते, हे आता लिहायला हरकत नाही.

पाणी भरलं आणि ते लगेच गढूळ झालं, मग त्याला कुजका वास यायला लागला. पुस्तकात लिहिलं होतं, सहा आठवडे थांबा, आत काही सोडू नका, डोळ्यांना न दिसणारे जीव आधी वस्ती करतील. मला कुठला धीर. तुम्ही मात्र एवढंच ऐकून मान डोलावलीत. मिठाचा नवा वाफा बांधला की त्यात लगेच पाणी घेत नाहीत, म्हणालात. आधी दिवसचे दिवस पायांनी जमीन तुडवायची, तिच्यात जीव बसला पाहिजे, मग मीठ पांढरं येतं. घाईचं मीठ काळं. सहा आठवडे तुम्ही रोज सकाळी टाकीसमोर खुर्ची घेऊन बसलात, तंबाखूला चुना लावत, जणू आत खरंच कुणीतरी तुडवतंय. सातव्या आठवड्यात पाणी इतकं स्वच्छ झालं की टाकी रिकामी वाटावी.

मग किनाऱ्यावरून चार दगड आणले, ओल्या गोणपाटात गुंडाळून. त्यांतल्या दोनांवर शर्टाच्या बटणांएवढे हिरवे जीव एकमेकांना चिकटून बसलेले होते, आणि एकावर मुठीएवढं समुद्रफूल. हे आपण आणलेलं. पण न आणलेलं जे येत गेलं त्याचं काय करायचं? एका सकाळी दगडाच्या भोकातून तांबडं मोरपीस बाहेर आलं. माझी सावली पडताच आत गेलं. मी न बोलता उभी राहिले, सिस्टरनी शिकवलं तशी, आणि ते पुन्हा आलं. किडा होता तो, पिसाने पाणी गाळून जेवणारा. मग नखाएवढा खेकडा, स्वतःपेक्षा मोठा शंख पाठीवर घेऊन फिरणारा. मग काचेवर पांढरे ठिपके, त्यांचे झाले शिंपले. ज्या दगडाला मी दगड समजून उचललं त्यातून दर आठवड्याला कुणीतरी दार उघडून बाहेर येत होतं. तुम्ही काचेला नाक लावून म्हणालात, "ह्यो दगर नाय गो बाय, गाव हाय." आणि मग आपल्याशीच, "जनम गेला पानी आटवन्यात. आत काय हाय ते कदी पायलाच नाय."

पावसाळ्यात समुद्रफूल मधोमध आवळत गेलं, पिळल्यासारखं. मला वाटलं मरतंय. दोन दिवस कचेरीत माझं लक्ष लागलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर तुम्ही दारातच उभे. माझ्या हातातली पिशवी घेतलीत आणि मला टाकीसमोर नेऊन उभं केलंत. एकाची दोन झाली होती. शेजारी शेजारी, दोन्ही पूर्ण, दोन्ही उघडी. कुणी आई नाही, कुणी मूल नाही, दोघी सारख्याच. आपण दोघं किती वेळ तसे उभे होतो कोण जाणे. चहा राहिला, देवापुढचा दिवा राहिला. मी आयुष्यात पुष्कळ देवळं पाहिली आणि शाळेत असताना चॅपलमध्येही बसले, पण मान आपोआप खाली गेली ती तिथे.

या सगळ्या काळात टाकीतलं पाणी कधी कमी झालं नाही. महिन्यातून एकदा थोडं काढून नवं समुद्राचं पाणी घालायचं एवढंच मी करायचे. झाकण घट्ट आहे म्हणून पाणी उडत नाही, असा मी निष्कर्ष काढला होता, आणि तो कचेरीत चारचौघींना अधिकाराने सांगितलाही होता.

आता ती सकाळ. भाजीची पिशवी मी खाली टाकली, बटाटे स्टुलापर्यंत गेले. "काय करताय? कुणी सांगितलं होतं हात लावायला? शिळं पाणी! आपण जे मोरीत ओततो ते तुम्ही माझ्या टाकीत ओतता?" तुम्ही तांब्या छातीशी धरून उभे. आपल्या इमारतीत दार उघडं असलं की तीन बिऱ्हाडं ऐकतात. समोरच्या बाई दारात आल्या, काय झालं हो ताई? मी म्हणाले, "काही नाही, आमचे वडील समुद्र गोड करायला निघालेत." त्या हसल्या. त्या हसल्या म्हणून मला चेव आला. मी म्हणाले, "अंगठेबहाद्दर माणसाने यात हात घालायचा नाही. तुम्ही मिठागरावरच बरे होतात." मग तुम्ही उतरलात. एकेक बटाटा उचलून पिशवीत भरलात. आणि माझ्या शब्दाला किती मान द्यावा माणसाने? दुसऱ्या दिवशी सकाळी कपड्यांची पिशवी आणि चुन्याची डबी घेऊन तुम्ही खरंच मिठागरावर गेलात, काकाच्या झोपडीत.

तुम्ही गेल्यापासून टाकीतलं पाणी उतरायला लागलं. रोज बोटभर. काचवाल्याला बोलावून सांधे तपासले, गळती नव्हती. उन्हाळा आहे, मी स्वतःला सांगितलं. आणि रोज कॅनातलं समुद्राचं पाणी घालून टाकी भरत राहिले. समुद्रातून कमी झालं तर समुद्रच भरायचा. हे मला इतकं उघड वाटलं की पुस्तकात बघावंसंही वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तांबडं मोरपीस बाहेर यायचं थांबलं. मग बटणं मिटली. मग खेकडा शंख सोडून उघडा पडलेला सापडला. दोन्ही समुद्रफुलं आक्रसून सुपारीएवढी झाली. झाकणावर, पंपाच्या नळीवर, सगळीकडे पांढरं पूट धरलं होतं आणि मी ते रोज फडक्याने पुसत होते. मिठागरावरच्या माणसाची मुलगी, मीठ पुसत होते, आणि मला कळत नव्हतं.

काका कोलंबी घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "दादा इचारतं, टाकी कशी हाय?"

"एकदम व्यवस्थित आहे म्हणावं."

"यतंस का त्याला भेटाला?"

"कामं आहेत."

मे महिन्याच्या मध्यावर, हंगामाचं शेवटचं मीठ ओढून झाल्यावर, तुम्ही बांधावर टेकलात आणि उठला नाहीत. काकाला वाटलं डुलकी लागली. त्याने अंगावर टॉवेल टाकला, ऊन लागू नये म्हणून.

दहाव्याला मी मिठागरावर होते. सगळं आटोपल्यावर काका मला वाफ्यांवरून घेऊन गेला, तुम्ही कुठे बसला होतात ते दाखवायला. पहिल्या वाफ्यात खाडीचं पाणी, त्यात बारीक कोळंबी उड्या मारत होती. मी सहज हात बुडवला. पुढच्या वाफ्यात बुडवला. तिसऱ्यात पाणी बोटांना चिकटलं. शेवटच्यात ते तेलासारखं जड होतं, आणि माझ्या बोटाची चीर अशी झोंबली की मी हात मागे घेतला. त्या वाफ्यात काहीही हलत नव्हतं. "यात काही जगत नाही का रे?" मी विचारलं. काकाने माझ्याकडे बघितलं, मी चेष्टा करते आहे की काय म्हणून. "कसं जगंल? पानी जातं गो, मीठ नाय जात. वरशी नवा खारा पानी घेत रायलं का अजून कडक व्हतं. लानी पोरांना बी ठावं हाय."

बाष्पीभवनाची व्याख्या मला शाळेत इंग्रजीतून पाठ होती. तिच्यासाठी मला बक्षीस मिळालं होतं, सिस्टरांच्या हातून. ते तुम्ही ट्रंकेत जपून ठेवलेलं होतं. ती सबंध व्याख्या, स्वल्पविरामासकट, त्या बांधावर मला आठवली.

मी जेवायला थांबले नाही. घरी आले, माठातून तांब्या भरला, झाकण काढलं, आणि हात थांबला. किती ओतायचं? पाणी मूळचं कुठवर होतं? वर मी मनाला येईल तसं भरत आले होते. मी टाकीच्या बाजूने वाकून मागची, भिंतीकडची काच पाहिली. तिथे, कडेच्या चार बोटं खाली, बाहेरून, चुन्याचा एक अंगठा उमटलेला होता. तंबाखूला लावायच्या चुन्याचा. रेषा न् रेषा स्पष्ट. पहिल्या दिवशी पाणी भरलं तेव्हाची ती पातळी. दीड वर्ष रोज, मी कचेरीत गेल्यावर, तुम्ही त्या अंगठ्यापर्यंत शिळं पाणी भरत होतात. ताजं नाही, कारण ताज्या नळाच्या पाण्याला औषधाचा वास असतो, तो रात्रभरात माठातून उडून जातो. हे मला नंतर पुस्तकात वाचायला मिळालं. वरून गोडं पाणी घालावं, तेही एक दिवस ठेवलेलं, हे तिथे एका ओळीत लिहिलं होतं. ते प्रकरण मी वाचलंच नव्हतं. त्याचं नाव 'रोजची कामं' होतं, आणि रोजची कामं मला येतात अशी माझी समजूत होती.

मी घाई केली नाही. सकाळी टाकीतलं एक भांडं पाणी काढायचं, एक तांब्या माठातलं घालायचं. संध्याकाळी तेच. नऊ दिवस. बटणांतली निम्मी गेली होती, एक समुद्रफूल विरघळून गेलं होतं. दुसरं सुपारीएवढं. दहाव्या दिवशी सकाळी मी तांब्या घेऊन आले तर ते उघडं होतं. पूर्ण नव्हे. एका बाजूच्या सातआठ पाकळ्या, कुणी अर्धवट जागं होऊन हात बाहेर काढावा तशा. मी तांब्या हातात धरून उभी राहिले. तुमच्या स्टुलावर. कचेरीत त्या दिवशी मला उशीर झाला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मी कुणाला खुलासा दिला नाही.

बाबा, ते अजून आहे. त्याची आता पाच झाली आहेत. हिरव्या बटणांनी अख्खा दगड झाकला आहे, इतका की मूळचा दगड कसा होता हे मलाच आठवत नाही. तांबडं मोरपीसही परत आलं, तेच की दुसरं ते देव जाणे. रोज सकाळी नळाला पाणी आलं की सगळी इमारत माठातलं शिळं पाणी मोरीत ओतते. मी ओतत नाही. अंगठ्यापर्यंत भरते, आणि मग दहा मिनिटं गप्प बसते.

परवा घराला रंग देणारा माणूस आला होता. टाकीमागची भिंत खरवडताना म्हणाला, "बाई, इथे काचेला चुना लागलाय, पुसून देतो." ओला बोळा त्याच्या हातात होता. मी ओरडले, "हात लावायचा नाही!" तो बिचारा दोन पावलं मागे सरला. तो घाबरला म्हणून नव्हे, तर ते शब्द आणि तो आवाज मला ओळखीचा वाटला म्हणून मी खाली बसले. म्हणून हे पत्र. माझा राग खरा आहे आणि तो मी मागे घेत नाही. दीड वर्ष एक माणूस माझ्या अपरोक्ष माझं गाव जगवतो आणि सांगत नाही, हा अन्याय आहे. कोणत्याही कचेरीत तो अन्यायच ठरेल.

फक्त वर एक नोंद चुकीची झाली आहे, ती दुरुस्त करते. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, असं मी लिहिलं. बारा वर्षं तेच म्हणत आले. तुम्ही बोलला होतात. स्टुलावरून माझ्याकडे वळून म्हणालात, "बाय, ऐक तं. पानी जातं—" आणि पुढचं मी बोलू दिलं नाही, कारण समोरच्या बाई दारात आल्या होत्या. काकाने बांधावर ते वाक्य पुरं केलं तेव्हा मला पहिला अर्धा भाग आधीच माहीत होता. आणि टाकी व्यवस्थित आहे असा मी पाठवलेला निरोपही खोटा होता.

हे पत्र मी पाठवणार नाही. जावक नोंदवहीत लिहायला पत्ता लागतो. ते माठाखालच्या फळीवर ठेवते आहे, म्हणजे रोज हाताला लागेल. तरी नियम तो नियम. न विचारता माझ्या टाकीत पाणी का घातलं, आणि 'पानी जातं' याच्या पुढे काय म्हणायचं होतं, याचा लेखी खुलासा रविवार, १८ एप्रिल १९९९, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांच्या आत मला मिळाला पाहिजे. लिहिता येत नाही ही सबब ऐकली जाणार नाही. अंगठा चालेल, बाबा. ताडून बघायला नमुना तू काचेवर ठेवलाच आहेस.